बोटभर जास्त

सोपानराव, तुमच्या दहाव्याला चौघं बोलायला उभे राहिले आणि चौघांनीही तुम्ही मनमिळाऊ होता असं सांगितलं. त्यातल्या दोघांनी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. एकानं तर तुमचं नावच चुकवलं, मागून कुणीतरी दुरुस्त केलं. मग माईक माझ्याकडं आला. थोरला साडू, अठरा वर्षं एका गॅरेजात तुमच्याबरोबर, म्हणजे मी बोलायलाच पाहिजे असं सगळ्यांना वाटत होतं. मी उठलो, "चांगले फिटर होते" एवढं म्हणालो आणि बसलो.

लोकांना वाटलं मला भरून आलंय. खोटं कशाला बोलू, तसं काही नव्हतं. मला वाटत होतं मी तुमच्यावर उपकार करतोय. मी मनात म्हणत होतो, माणूस गेला, आता त्याच्या हातची गळती कशाला चव्हाट्यावर मांडायची.

त्याआधी नदीच्या काठावर पिंड ठेवला होता. सगळे मागं सरकले आणि कावळा लगेच शिवला. कुणाला डोळे मिटून हात जोडायलासुद्धा वेळ मिळाला नाही. काही राहिलं नव्हतं बिचाऱ्याचं, असं बायका म्हणाल्या आणि माणसं गाड्यांकडं वळली. मलाही बरं वाटलं. आता वाटतं, जरा अडून बसायचं होतं की तुम्ही. ऊन चढलं असतं, माणसं कंटाळली असती, कुणीतरी मला पुढं ढकललं असतं आणि अण्णा, तुमी बोला, तुमचं काय राहिलंय का बघा, असं म्हटलं असतं. तुम्ही तिथंही मला अडवलं नाहीत. आयुष्यभर तेच केलंत.

हे लिहितोय ते श्रद्धांजली म्हणून नाही. तुमच्यावर राग आहे म्हणून लिहितोय. ऐकून घ्या. मधे बोलायची तुम्हाला तशीही सवय नव्हती.

आपल्या बायका सख्ख्या बहिणी. सुमन थोरली, ती माझी. लता धाकटी, ती तुमची. तुम्ही अंथुर्ण्याचे, मी डाळजचा. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तुम्ही इंदापूरच्या अलीकडं हायवेला माझ्या गॅरेजात आलात. अठरा वर्षं गाडीखालच्या एका खड्ड्यात उतरून काम केलं, एका डब्यात जेवलो, तरी आपण एकमेकांना कधी अरे-तुरे केलं नाही. मी सोपानराव म्हणायचो, तुम्ही अण्णा. चिडलो तरी तुम्हीच म्हणायचो. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. मला आता त्याची चीड येते. एकदा जरी तुम्ही मला "अरे गाढवा" म्हणाला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

कामाची आपली पद्धत ठरलेली होती. खोलायचं, धुवायचं, जोडायचं ते तुम्ही. शेवटी आईल भरायचं ते मी. तो थोरल्याचा मान. सगळं जोडून झालं की तुम्ही हात पुसायचा, नरसाळं फडक्यानं स्वच्छ करून माझ्या हातात द्यायचा आणि बाजूला उभे राहायचा. मी आईल ओतायचो, आणि मापायच्या पट्टीवरच्या खुणेपेक्षा बोटभर जास्तच ओतायचो. त्याच्यावरच तर आपलं नाव झालं होतं. ट्रॅक्टरवाले, उसाच्या ट्रकवाले सगळे म्हणायचे, अण्णांचा हात सढळ आहे. ट्रॅक्टरच्या गियरबॉक्सात बोटभर जास्त पडलं तर काही बिघडत नाही. उलट गिऱ्हाईक खूश होतं. मीही खूश व्हायचो.

मग संग्रामनं ती गाडी आणली. चाळिशी उलटलेला डाळिंबवाला माणूस, बाग एवढी मोठी, आणि छंद काय तर सरळ रस्त्यावर पाव मैल गाडी पळवायची. कुठूनशी जुनी परदेशी गाडी आणली, आतल्या सीटा काढून टाकल्या, पाइपांचा पिंजरा बसवला, इंजिन वाढवलं. गियर आपोआप पडणारा. क्लच नाही, काही नाही. ब्रेक दाबून धरायचा, इंजिन तापवायचं आणि सोडायचं. पुण्यातले मेकॅनिक त्याला दाद देईनात म्हणून तो आपल्याकडं आला. तुम्ही आठवडाभर त्या गियरबॉक्सचं पुस्तक घेऊन बसला होता. इंग्रजी येत नव्हतं, चित्रांवरून वाचायचा. मी तुमची टर उडवली. गियरबॉक्स म्हंजे गियरबॉक्स, त्याला काय वाचायचं, असं मी म्हणालो होतो.

गाडी पळायला लागली आणि गळायलाही लागली. उभी असली की काही नाही. पळून आली की खाली तांबडं आईल. डाळिंबाच्या पेटीचा पुठ्ठा फाडून आपण गाडीखाली अंथरायचो आणि सकाळी डाग बघायचो. डाग बरोबर गियरबॉक्सच्या पुढच्या सीलखाली, आईल अडवणाऱ्या त्या रबरी कड्याखाली. मी म्हणालो, सील. तुम्ही पाना उचलला. गियरबॉक्स उतरवला, सील बदललं. मी आईल भरलं. गाडी पळाली, परत गळाली. पुन्हा उतरवला. पुन्हा सील. तिसऱ्यांदा उतरवला तेव्हा तुमच्या खांद्याची शीर धरली होती, हात वर जात नव्हता, तरी तुम्ही खड्ड्यात उतरलात.

त्या तिसऱ्या वेळी, नरसाळं माझ्या हातात देताना तुम्ही एकच वाक्य बोललात. ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण अठरा वर्षांत तुम्ही मला सुचवलेलं ते एकमेव वाक्य.

"अण्णा, एक डाव इंजिन चालू ठिवून, गरम झाल्यावर मापूया का? मला वाटतंय आईल जास्त पडतंय."

मी काय म्हणालो तेही आठवतं. "आता तुमी मला आईल भराया शिकवणार व्हय?"

तुम्ही हसलात आणि बाजूला झालात. संपला वाद. आपला आयुष्यभराचा वाद तेवढाच, दोन ओळींचा. आणि त्यातही दुसरी ओळ माझी.

मग बारामतीची रेस. माळावरच्या धावपट्टीवर ऊन मी म्हणत होतं. अंथुर्ण्याची माणसं, इंदापूरची माणसं, बारामतीचे गॅरेजवाले, सगळे दोरीला टेकून उभे. संग्रामनं गाडी रेषेवर लावली, इंजिन ताणलं, आणि खालून पांढरा धूर. आईल तापलेल्या सायलेन्सरवर पडत होतं. झेंडेवाल्यानं हात वर केले, दोघं आग विझवायची नळकांडी घेऊन पळत आले, गाडी ढकलत बाजूला काढली. माणसं हसली. बारामतीचा एक गॅरेजवाला माझ्याकडं बघून मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, इंदापूरवाल्यांनी गाडीतच धुरी पेटवली. माझं डोकं फिरलं. खापर फोडायला डोकं लागतं, आणि तुमचं सगळ्यात जवळ होतं.

"सील बसवाया जमत नसंल तर हायवेला पंक्चरी काढत बसा." मी असं म्हणालो, त्या सगळ्यांसमोर. तुम्ही खाली बसून आईल पुसत होता. पुसून होईपर्यंत उठला नाहीत. मग फडकं नीट घडी करून माझ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलंत आणि एसटीनं घरी गेलात.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात आला नाहीत. महिन्यानं कळलं, बारामतीत एक गाळा घेतलाय. लता सुमनकडं येऊन रडून गेली. सुमननं माझ्याशी चार दिवस बोलणं टाकलं. मी म्हणालो, गेले तर गेले. मी एकटाच खड्ड्यात उतरलो, गियरबॉक्स उतरवला आणि चौथं सील माझ्या हातानं बसवलं. आईलही मीच भरलं, नेहमीसारखं, बोटभर जास्त. आणि गळती थांबली.

थांबली, सोपानराव. थेंब नाही. मी पुठ्ठा अंथरला नव्हता, पण संग्राम सांगायचा, अण्णा, कोरडी ठणठणीत हाय. गाडी पुढच्या रेसला पळाली, त्याच्या पुढच्याही. मग मी काय गप्प बसतोय होय. चहाच्या टपरीवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात, जिथं चार माणसं भेटतील तिथं मी सांगत सुटलो. तीन सीलं वाया घालवली त्यांनी, चौथं मी बसवलं. शेखी मिरवायला मला निमित्त लागत नव्हतं. हे बोलणं बारामतीला पोचणार हे काय मला कळत नव्हतं? पोचलं. गाळ्यावर गाडी घेऊन येणारा तुम्हाला आधी विचारायचा, ज्यांचं सील गळायचं ते तुमीच का. लतानं हे मला परवा सांगितलं. मोटारींचं काम तुमच्याकडं कुणी दिलंच नाही. तुम्ही शेवटपर्यंत पाण्याचे पंप आणि फवारणीची यंत्रं दुरुस्त करत होता.

आणि ते माझ्या धाकट्या पुतणीचं लग्न. पंगतीत आपण शेजारी बसलो होतो, समोर माझीच चार गिऱ्हाईकं. मी पुन्हा तेच पुराण लावलं, तुम्ही शेजारी असताना. एकानं तुम्हाला विचारलं, खरं का ओ पाव्हणं? तुम्ही जिलेबीचा तुकडा मोडत म्हणालात, "व्हय. अण्णांचा हात बसला सीलवर." मी तेव्हा मनात म्हटलं, आलं म्हणायचं शेवटी ध्यानात.

आता ऐका, तुमच्या मागं काय झालं.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्याच दिवशी संग्रामची गाडी माझ्याकडं सर्व्हिस होऊन गेली होती. दहावा झाला आणि दोन दिवसांनी तो परत आला. सरावाला गाडी पळवली आणि खाली तांबडं आईल. मला तोंडात मारल्यासारखं झालं. माझं सील. मी पुठ्ठा फाडून अंथरला. डाग त्याच जागी, पहिल्यापेक्षा मोठा. मी खड्ड्यात उतरलो, बराच वेळ नुसता बघत बसलो. पुन्हा गियरबॉक्स उतरवायचा म्हणजे माझ्या वयाला सोपं नाही, आणि पाना द्यायला तुम्ही नाही. म्हणून, निव्वळ आळसापोटी, दाढीचा आरसा काठीला बांधला आणि गियरबॉक्सच्या वरच्या बाजूला काही दिसतंय का ते बघितलं. वर गियरबॉक्सला श्वास घ्यायची एक छोटी नळी असते. ती बाजू खड्ड्यातून कधीच दिसत नाही. त्या नळीला रबरी पाइप लावलेला होता. मी लावलेला नव्हता.

पाइपाच्या मागं मागं गेलो. तो वर चढून बॅटरीच्या मागं एका प्लॅस्टिकच्या बाटलीत शिरला होता. बाटली काळ्या टेपनं गुंडाळलेली, ध्यानात येऊ नये अशी. ती तारेनं बांधली होती. तारेला दोन पीळ, आणि टोक आत वळवून दाबलेलं, पुढं काम करणाऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून. सोपानराव, तार अशी बांधणारा माणूस या दोन तालुक्यांत मी एकच बघितलाय.

बाटली तोंडापर्यंत भरून वाहत होती, आणि ओघळ पाइपावरून परत खाली सीलपाशीच उतरत होता.

मला तिथंच सगळं कळलं. ते कळायला पुस्तक लागत नव्हतं. गरम झाल्यावर आईल फुगतं, आत फिरणारे भाग ते घुसळतात, आणि डेरा काठोकाठ भरून ताक घुसळलं की जे होतं तेच होतं. फेस वर चढतो, वरच्या नळीतून बाहेर पडतो आणि ओघळत ओघळत बरोबर पुढच्या सीलपाशी येऊन टपकतो. एकही सील खराब नव्हतं. तुमची तिन्ही चांगली होती. माझं बोटभर जास्त गळत होतं.

संग्राम बाजूलाच उभा होता. मी बाटली वर धरली. तो खाली बघत सांगायला लागला. मी चौथं सील बसवून गाडी दिली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही अंथुर्ण्याहून मोटारसायकलवर त्याच्या बागेत आलात. इंजिन चालू करून गरम केलंत, मापलंत, मोठ्या सिरिंजनं जास्तीचं आईल ओढून काढलंत. वर पाइप आणि बाटली लावलीत, कधी नजरचुकीनं राहिलं तर सायलेन्सरवर पडायला नको म्हणून. त्यानंतर दर सर्व्हिसला तेच. गाडी माझ्याकडून निघाली की दुसऱ्या दिवशी तुम्ही हजर. वर्षभर. यावेळी संग्राम वाट बघत राहिला आणि तुम्ही आला नाहीत.

"मला का नाही सांगितलं?" मी त्याला विचारलं.

"सांगू नको म्हणलं हुतं त्यांनी," संग्राम म्हणाला. "अण्णांचा हातच तसा हाय, या वयात बदलायचा न्हाय, आपणच जरा मागनं आवरून घ्यायचं."

मागून आवरून घ्यायचं. सोपानराव, मी काय उष्टं सांडणारं पोर होतो का? तुमचं नाव मातीत गेलं, धंदा बसला, मोटारींचं कामच हातातून गेलं, आणि तुम्ही माझ्या मागून आईल पुसत फिरत होता. पंगतीत मी तुमची अब्रू काढत होतो आणि आदल्याच आठवड्यात माझी चूक सिरिंजनं ओढून काढूनही तुम्ही "व्हय" म्हणालात. याला मान देणं म्हणतात होय? हा मान मला नको होता. मला थोरला ठेवून तुम्ही स्वतः मोठे होऊन बसलात, आणि मला ते कळूसुद्धा दिलं नाहीत. मला भांडायचंय तुमच्याशी आणि तुम्ही जागेवर नाही.

आणि तरी, हेही सांगतो. त्या तारेचं वळवलेलं टोक मी बराच वेळ अंगठ्यानं चाचपत बसलो होतो. वर्षभर माझा हात त्या बाटलीच्या आसपास फिरला आणि एकदाही खरचटलं नाही. असं कुणी माझ्यासाठी केलेलं नव्हतं, माझ्या सख्ख्या भावानंसुद्धा नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत सुमनला घेऊन मी अंथुर्ण्याला गेलो. लता ओसरीवर शेंगा निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बाटली पिशवीतून काढून तिच्यापुढं ठेवली. ती दचकली नाही. बाटलीकडं बघितलं आणि पुन्हा शेंगा निवडायला लागली.

"मला ठावं हुतं, दाजी," ती म्हणाली. "सिरिंज मीच उकळून द्यायची. ते म्हणायचे, अण्णा एक दिवस आपल्या हातानं मापतील."

मी म्हणालो, उद्या मापतो. तिनं मान वर केली.

"आता मापून काय करता?"

सुमननं तिचा हात धरला. मला तिथं बसवेना. निघताना लतानं आत जाऊन ती सिरिंज आणून दिली, धुतलेली, कागदात गुंडाळलेली. ती माझ्याकडं न बघता परत आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी इंजिन चालू ठेवलं, गरम होऊ दिलं, सगळ्या गियरमधून फिरवलं आणि मापलं. बोटभर नाही, चांगलं दोन बोटं जास्त होतं. सिरिंजनं ओढत ओढत खुणेवर आणलं. तुमची बाटली काढली नाही, रिकामी करून परत त्याच तारेनं बांधली. टोक आत वळवलं. मला तुमच्यासारखं जमलं नाही. मग गाडी पळवून आणली आणि पुठ्ठा अंथरला. सकाळी बघितला. कोरडा. त्याच्यावर डाळिंबाच्या पेटीचा शिक्का तेवढा होता.

मग गेल्या रविवारी बारामती. तीच धावपट्टी, तीच दोरी, जवळजवळ तीच माणसं. मी ठरवून गेलो होतो. जिथं तुम्हाला खाली पाडलं तिथंच तुम्हाला उचलायचं, दुसरीकडं कुठं बोलून उपयोग नाही. गाडी पळाली, पहिल्या झटक्यात निघाली, धूर नाही, थेंब नाही. माणसं जमली. तो बारामतीचा गॅरेजवालाही आला, पाठीवर थाप मारून म्हणाला, मानलं अण्णा तुमच्या हाताला. मी सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं. सील कधीच खराब नव्हतं, तिन्ही सोपानरावांनी नीट बसवली होती. आईल मी जास्त भरत होतो. त्यांनी एकदा सांगितलं, मी ऐकलं नाही. वर्षभर मी खोटा मिरवत होतो आणि ते मागून काढून घेत होते. बाटलीही दाखवली. एकही शब्द गाळला नाही.

 मला वाटलं, झालं आपलं काम.

मग एक म्हातारे गृहस्थ पुढं आले, माझा हात दोन्ही हातांत घेतला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, "मेलेल्या साडूची चूक अंगावर घेणारा माणूस आजकाल कुठं भेटतो, अण्णा? मन मोठं हाय तुमचं." मागून चौघांनी माना डोलावल्या. मी म्हणालो, अहो नाही, खरं सांगतोय. ते म्हणाले, व्हय व्हय, असू द्या. गॅरेजवाल्यानं टोपी काढली. संग्राम "अण्णा खरं बोलत्यात" म्हणाला, तर त्यालाही कुणीतरी खांद्यावर थोपटून गप्प केलं.

तेव्हापासून रोज एकजण तरी गॅरेजात येऊन माझ्या मोठ्या मनाचं कौतुक करून जातो. कालच अंथुर्ण्याचा एकजण ट्रॅक्टर घेऊन आला होता. तुमच्या गल्लीतला. मी आईल खुणेवर आणून थांबलो, तर तो म्हणाला, "घाला की अण्णा बोटभर, तुमचा हात कुठं आखडता हाय." मी नरसाळं खाली ठेवलं. तुम्ही जिथं उभे राहायचा तिथं बघितलं. आणि त्याला नाही म्हणवेना, म्हणून नरसाळं पुन्हा उचललं आणि बोटभर घातलं.